इतर विभागाच्या डॉक्टरीणबाई

स्टेनोबाईंना 'थोडक्यात' या शब्दाची मनस्वी चीड होती. तेहतीस वर्षं त्यांनी न्यायालयात लघुलेखकाचं काम केलं. त्या तेहतीस वर्षांत साक्षीदार 'अं' म्हणाला तर त्यांनी 'अं' लिहिलं, 'अंऽऽ' म्हणाला तर 'अंऽऽ'. एकदा खुद्द न्यायाधीश खोकले, तेव्हा बाईंनी पेन थांबवून विचारलं होतं, "साहेब, हे कामकाजात घ्यायचं का?" त्या साहेबांनी पुढे निवृत्त होईपर्यंत खोकला दाबून धरला, असं म्हणतात.

आता बाई स्वतःच निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं आणि दहाही बोटं रिकामी होती. घरात बोलणारं माणूस एकच, ते म्हणजे यजमान. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. तेही जपून बोलत, कारण "मी असं कधी म्हणालो?" हे वाक्य उच्चारायची सोय त्या घरात लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच संपली होती. मग बाईंनी इमारतीच्या सभेचं इतिवृत्त लिहायला घेतलं. पहिलंच इतिवृत्त एकोणीस पानांचं झालं. कोण कोणाला काय म्हणालं ते त्यात होतंच, शिवाय '(कुजबुज)', '(सेक्रेटरींना डुलकी)' हेही होतं. पुढच्या सभेला कुणी तोंडच उघडेना. पाण्याच्या टाकीचा चार वर्षं रेंगाळलेला प्रश्न सात मिनिटांत मिटला. सगळ्यांनी बाईंचे मनापासून आभार मानले आणि ते काम त्यांच्याकडून काढून घेतलं.

तर अशा या बाई एका सकाळी दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होत्या, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर त्यांना पायरीवर बसलेले दिसले. हे डॉक्टर म्हणजे सरकारी रुग्णालयातले छातीचे डॉक्टर. माणूस हुशार, स्वभावानं गरीब, फक्त अक्षर असं की औषधाच्या दुकानदारानं त्यांच्या चिठ्ठ्या वाचायला वेगळा माणूस ठेवला होता. आज त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला पट्टी होती.

"दारात सापडलं का बोट?" बाईंनी विचारलं.

"टायपिंग," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा बांध फुटला.

पहिल्या तारखेपासून रुग्णालयातले केसपेपर बंद झाले होते. रुग्णाची प्रत्येक नोंद संगणकात करायची. कशी करायची, ते डॉक्टरांवर सोपवलं होतं. टाइप करा, नाहीतर तयार चौकटींवर टिचक्या मारा, नाहीतर यंत्राशी बोला, ते ऐकून लिहील.

"टाइप केलं," डॉक्टर म्हणाले. "पेशंटला 'जळजळ' होत होती. दोन 'ळ' आले. मी 'ळ' शोधेपर्यंत त्याची जळजळ थांबली आणि तो घरी गेला. मग चौकटी करून बघितल्या. खोकला म्हटलं की बेचाळीस प्रकार उघडतात. 'विडी-सिगारेट ओढतात का' ही चौकट भरल्याशिवाय पुढचं पानच येत नाही. परवा आठ महिन्यांचं बाळ होतं. मी 'नाही' केलं, तर विचारतं, 'कधी सोडली?'"

"आणि यंत्राशी बोलून?"

"बाई, छातीची ओपीडी आहे! खोलीत सोळा माणसं खोकत असतात. यंत्र बिचारं प्रत्येक खोकल्याचा अर्थ लावतं. एका आजोबांच्या नोंदीत ओळीनं नऊ वेळा 'खोका, खोका' उमटलं, आणि खाली औषधाच्या जागी 'पंखा बंद करा'. आजोबा ते घेऊन औषधाच्या रांगेत उभे राहिले."

जिन्यात दोन माणसं बोलत असली की तिसरं येतंच. विमावाले काका खाली उतरता उतरता थांबले आणि म्हणाले, बायकोला टायपिंग शिकवा. सेक्रेटरी वर चढता चढता थांबले आणि म्हणाले, संगणक बिघडवा, दुरुस्त व्हायला दोन वर्षं लागतात, तोवर तुमची बदली होईल. डॉक्टर दोन्ही सल्ले गंभीरपणे ऐकत होते. यावरून त्यांची अवस्था काय झाली असेल ते कळतं.

"मी येते," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"ओपीडीत. पेशंट बोलू दे, तुम्ही बोला. लिहायचं मी बघते."

घरी यजमानांनी फक्त एवढंच विचारलं, "ते लोक आधीच आजारी असतात, माहीत आहे ना?"

रुग्णालयाच्या अधीक्षकांनी बाईंना उभ्या उभ्याच परवानगी दिली. रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली होती आणि रस्त्यावरून वरिष्ठांच्या गाड्या जात होत्या. "काहीही करा, पण रांग आत घ्या," ते म्हणाले. प्रश्न आला तो हेडक्लार्कच्या टेबलावर. बाईंच्या नावानं संगणकाचं खातं उघडायचं होतं.

"पदनाम?" हेडक्लार्कनं विचारलं. हा सरळ माणूस होता. नियमाबाहेर जायचं नाही आणि कुणाला नाही म्हणायचं नाही, या दोन व्रतांमुळे त्याचे केस अकाली गेले होते.

"निवृत्त लघुलेखक, श्रेणी एक."

"यादीत नाही. डॉक्टर आहे, परिचारिका आहे, औषधनिर्माता आहे, तंत्रज्ञ आहे आणि पेशंट आहे. पेशंट करू का? पण पेशंटला फक्त स्वतःचंच वाचता येतं." त्यानं एकेक करून बघितलं. परिचारिका केलं की संगणक नोंदणी क्रमांक मागे. तंत्रज्ञ केलं की क्ष-किरणाचा परवाना मागे. 'अभ्यागत डॉक्टर' केलं तेव्हा मात्र संगणकानं काहीच मागितलं नाही, फक्त विभाग विचारला. हेडक्लार्कनं 'इतर' निवडलं. "तात्पुरतं आहे," तो म्हणाला. "दोन दिवसांत बदलू."

सरकारी कचेरीतल्या 'तात्पुरतं' या शब्दाचं आयुष्य बाईंना चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी होकार दिला. बोटं शिवशिवत होती.

पहिला दिवस बाईंचा होता. डॉक्टरांच्या शेजारी खुर्ची टाकून, पाठ ताठ ठेवून, कीबोर्डकडे ढुंकूनही न पाहता त्यांनी दुपारी एकपर्यंत एकसष्ट रुग्ण लिहून काढले. रांग फाटकाच्या आत आली, मग व्हरांड्यात आली, मग नाहीशीच झाली. चहा देणारी मावशी कपबशी हातात धरून बाईंच्या बोटांकडे बघत राहिली आणि चहा गार झाला. डॉक्टर त्या दिवशी महिन्यात पहिल्यांदाच जेवायच्या वेळेला जेवले.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांच्या ध्यानात आली नव्हती. नोंदीची छापील प्रत रुग्णाच्या हातात जात होती, आणि बाईंनी शब्दन् शब्द लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक तगडे गृहस्थ प्रत नाचवत आत आले. "हे काय आहे?" प्रतीवर स्वच्छ अक्षरांत छापलं होतं : 'डॉक्टर (स्वतःशी) : आला परत हा.' आणखी एका आजींच्या प्रतीवर होतं : 'डॉक्टर (जांभई देत) : बरं, बरं. (घड्याळाकडे पाहतात.)' आजींनी काही तक्रार केली नव्हती. त्यांनी ती घडी घालून पर्समध्ये ठेवली होती आणि शेजारीपाजारी वाचून दाखवली होती.

"बाई, हे नाही लिहायचं!" गृहस्थ गेल्यावर डॉक्टर काकुळतीला आले.

"तुम्ही बोललात."

"स्वतःशी बोललो!"

"तसं कंसात लिहिलंय," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणू नका, मी लिहिणार नाही. सोपं आहे."

आणि खरंच, डॉक्टरांनी पुटपुटणं सोडलं. जांभया सोडल्या. सहकारी म्हणू लागले की यांच्यात अलीकडे काहीतरी आध्यात्मिक बदल झाला आहे.

इथवर ठीक होतं. पण संगणकाच्या दृष्टीनं रुग्णालयात एक नवीन डॉक्टर रुजू झाली होती, आणि ती रिकामी बसली होती. चौथ्या दिवशी त्यानं आपणहून तिला चौदा रुग्ण नेमून दिले. त्यांच्या चिठ्ठीवर छापलं होतं, 'अभ्यागत डॉक्टर, विभाग : इतर'. हेडक्लार्कनं ते बदलायचा प्रयत्न केला, तर संगणक म्हणाला की नेमलेल्या डॉक्टरांनी प्रथम नोंद केल्याशिवाय रुग्ण दुसऱ्याकडे जाणार नाही. मग व्हरांड्यात खिडकीशी एक टेबल लागलं. बाई चौदा जणांचं म्हणणं आधी लिहून घेत आणि नोंद आत डॉक्टरांच्या पडद्यावर पाठवत. प्रत्येकाला त्या सुरुवातीलाच बजावत, "मी डॉक्टर नाही. मी फक्त लिहून घेते."

लोक मान डोलवत आणि बोलायला लागत. आजवर त्यांना कुणी दोन वाक्यांपलीकडे बोलू दिलं नव्हतं. इथे समोरची बाई अडवत नव्हती, घड्याळ बघत नव्हती, उलट बोलणारा थांबला की "पुढे?" म्हणत होती. कुणी दम्यापासून सुरू करून भावजयीपर्यंत पोहोचे. कुणी दोन वाक्यं खोकल्याची सांगे आणि दोन पानं घरमालकाची. आठवड्याभरात चौदाचे चाळीस झाले. गुडघेदुखीवाले, कानवाले छातीवर हात ठेवून नोंदणीच्या खिडकीवर सांगू लागले, "त्या इतर विभागाच्या डॉक्टरीणबाईंकडे द्या."

इमारतीत बातमी पोहोचली ती थोडी वाढूनच. विमावाल्या काकांनी जिन्यात 'तपासा' म्हणत जीभ बाहेर काढून दाखवली. सेक्रेटरींच्या पत्नीनं सुचवलं, "गळ्यात ते नळीचं यंत्र अडकवा, शोभून दिसेल." यजमानांना भाजीवाल्यानं "डॉक्टरसाहेबांचे मिस्टर" म्हणून जुडी निवडून दिली. ती घेऊन ते घरी आले ते विचारातच.

"अगं, याला काय म्हणतात ठाऊक आहे ना?"

बाईंना ठाऊक होतं. बोगस डॉक्टरचा अकरा दिवस चाललेला खटला त्यांनीच शब्दशः लिहून घेतला होता. कलम कुठलं, शिक्षा किती, निकाल ऐकताना आरोपीनं रुमाल कुठल्या खिशातून काढला, सगळं त्यांना पाठ होतं. त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदाच अर्धीच पोळी खाल्ली.

आणि सोमवारी तक्रार आलीच. आवक-जावक शाखेनं तिच्या पाठीवर लाल शाईनं विषय टाकला होता : 'रुग्णालयात तोतया डॉक्टर बसत असल्याबाबत.' अधीक्षकांनी फक्त तो विषय वाचला आणि घाम पुसत दुपारी तीनला चौकशी ठेवली.

अधीक्षकांच्या खोलीत चौघं जमले. टेबलामागे अधीक्षक, बाजूला छातीचे डॉक्टर आणि हेडक्लार्क, समोर एकट्या बाई, इस्त्रीच्या साडीत, पर्स मांडीवर घट्ट धरून. तेहतीस वर्षं त्या अशा खोल्यांमध्ये कोपऱ्यात बसल्या होत्या. मधोमध बसल्यावर सगळं किती वेगळं दिसतं, हे त्यांना आज कळलं. तोंडाला कोरड पडली होती.

"चौकशी सुरू करू," अधीक्षक म्हणाले. मग थांबले. "कामकाज कोण लिहून घेणार?"

हेडक्लार्कनं छताकडे पाहिलं. डॉक्टरांनी पट्टीचं बोट पुढे केलं. मग तिघांनीही बाईंकडे पाहिलं.

बाईंनी पर्समधून वही काढली. आरोपी स्वतःच चौकशी लिहून घेत असल्याचं उदाहरण त्यांना आठवेना, पण पेन हातात आल्याबरोबर तोंडाची कोरड गेली. "बोला," त्या म्हणाल्या. "जरा सावकाश आणि एका वेळी एकच."

अधीक्षक एकदम नीट बसले. तक्रारदाराला आत बोलावण्यात आलं. कृश बांध्याचे, कपाळावर भिंग चढवलेले एक घड्याळजी आत आले आणि अधीक्षकांना सोडून बाईंना नमस्कार करून बसले. येता येता चार वेळा खोकले.

"या बाई डॉक्टर असल्याचं भासवतात, अशी तुमची तक्रार आहे?"

"छे! पूर्ण वाचा की," घड्याळजी म्हणाले. अधीक्षकांनी कागद पहिल्यांदा उलटून वाचला. त्यात लिहिलं होतं : 'इतर विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी माझं सर्व म्हणणं नीट ऐकून घेतलं, परंतु औषध दिलं नाही. आतल्या डॉक्टरांनी म्हणणं न ऐकता औषध दिलं. तरी ऐकणाऱ्या डॉक्टरांनाच औषध देण्याचे आदेश व्हावेत.'

डॉक्टरांचा चेहरा पडला. "असं कसं म्हणता? मी तुमची नोंद वाचली होती."

"किती?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"सुरुवात वाचली," डॉक्टर म्हणाले. "चार पानं होती, बाई. बाहेर चाळीस माणसं होती."

"मग आता वाचून होऊ दे," अधीक्षक म्हणाले. "थोडक्यात वाचा."

बाईंनी अधीक्षकांकडे एकदाच पाहिलं. त्यांनी "नाही, पूर्ण वाचा," अशी स्वतःच दुरुस्ती केली. हेडक्लार्कनं नोंद छापून आणली आणि बाईंनी कोर्टात वाचावी तशी, आवाजात काही न आणता, वाचायला घेतली.

"'खोकला सात महिने. कोरडा. जिना चढलो की धाप लागते. पण ते जाऊ दे, मुख्य गोष्ट वेगळीच आहे. माझ्या वर राहणारा माणूस कबुतरांना दाणे टाकतो. तो पुण्य कमावतो आणि घाण माझ्या गॅलरीत पडते. मी त्याला चार पत्रं पाठवली. त्यानं एकाचंही उत्तर दिलं नाही, उलट दाणे वाढवले. रोज सकाळी मी ब्रश घेऊन बसतो. ओली असली की निघत नाही, म्हणून वाळू देतो आणि मग खरवडतो. सगळा धुरळा उडतो. मध्ये पंधरा दिवस मुलीकडे गेलो होतो. तिथं खोकला एकदम बंद झाला. मला वाटलं, जावयाच्या धाकानं. परत आलो, पंधरा दिवसांचं साचलेलं खरवडलं, त्या संध्याकाळी ताप भरला आणि—'"

"थांबा!" डॉक्टर खुर्चीतून उठले होते. "ते परत वाचा. मुलीकडचं."

बाईंनी परत वाचलं. डॉक्टर टेबलाला वळसा घालून घड्याळजींपाशी गेले, त्यांचा शर्ट वर करून त्यांनी तिथंच पाठीला कान लावला, कारण नळी ओपीडीत राहिली होती. बराच वेळ ते ऐकत होते.

"काका," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज उतरला होता. "सात महिने मी तुम्हाला खोकल्याचं औषध पाजतोय. मला वाटतं, हा आजार त्या धुरळ्याचा आहे. काही माणसांच्या फुप्फुसांना कबुतरांची घाण चालत नाही. आज लगेच फोटो काढू, तपासण्या करू. आणि ब्रशला हात लावायचा नाही. आजपासून."

"म्हणजे दोष वरच्या माणसाचा?"

"तसं म्हणायला—"

"लेखी द्या!" घड्याळजींचे डोळे सात महिन्यांत पहिल्यांदा चमकले असतील. "शिक्क्यानिशी द्या. पाचवं पत्र म्हणून हेच जाईल!"

"मी विचारायला हवं होतं," डॉक्टर बाईंना हळूच म्हणाले. "त्या बेचाळीस चौकटींत कबुतर नव्हतं."

"हे लिहू?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी अधीक्षकांकडे एकदा पाहिलं. "लिहा," ते म्हणाले.

तपासण्यांतून डॉक्टरांचा अंदाज खरा निघाला. घड्याळजी दोन महिने मुलीकडे राहिले, जावयानं ते मुकाट्यानं सोसलं, गॅलरीला जाळी बसली आणि धाप उतरत गेली. पण तो नंतरचा भाग. त्या दिवशी चौकशीत एवढंच ठरलं की बाई निर्दोष आहेत, रुग्णालयाला त्यांची गरज आहे आणि त्यांच्या नावापुढचं 'डॉक्टर' आजच्या आज काढायचं.

ठरवणं सोपं होतं. संगणकानं सांगितलं की तीनशे बारा रुग्ण पाहिलेला डॉक्टर काढता येत नाही. पर्याय तीनच : बदली, निवृत्त, मृत. बदलीला आदेश क्रमांक हवा होता. निवृत्तीला सेवापुस्तक हवं होतं. 'मृत' काहीच मागत नव्हतं. हेडक्लार्कनं बाईंची आधी माफी मागितली आणि मग बटण दाबलं.

तिसऱ्या दिवशी यजमानांच्या नावानं रुग्णालयाचं शोकपत्र आलं. ते त्यांनी आरामखुर्चीत बसून शांतपणे वाचलं. बाई चहा घेऊन आल्या तेव्हा ते म्हणाले, "मजकूर चांगला आहे. फक्त 'त्यांच्या जाण्यानं निर्माण झालेली शांतता' असं म्हटलंय, ते काही मला अजून जाणवलेलं नाही."

"हे वाक्य मी लक्षात ठेवीन," बाई म्हणाल्या. यजमानांनी चहात तोंड घातलं.

आता बाईंना नव्यानं, दुसऱ्या कुठल्यातरी रकान्यात घालायचं होतं. माणसांचे रकाने संपले होते. हेडक्लार्क दोन दिवस गायब होता. तिसऱ्या दिवशी तो एक छोटी चकचकीत पट्टी घेऊन व्हरांड्यातल्या टेबलापाशी आला आणि ती पाठीमागे धरून उभा राहिला.

"झालं का काही?"

"झालं," तो म्हणाला. "रागावणार नसाल तर सांगतो. उपकरणांच्या यादीत जागा होती. वजनकाट्याच्या खाली."

बाईंनी पट्टी हातात घेतली. 'श्रवण-लेखन उपकरण, क्रमांक ४१७.' तेहतीस वर्षं, श्रेणी एक, सात न्यायाधीशांची प्रशस्तिपत्रं, आणि आता वजनकाट्याच्या खाली!

हेडक्लार्कनं इकडेतिकडे पाहिलं आणि खाली वाकून आवाज लहान केला. "बाई, एक सांगू? इथं डॉक्टरला हलवायला एक सही लागते. मला हलवायला तीही लागत नाही. पण नोंद झालेलं उपकरण जागेवरून हलवायचं, तर तीन सह्या, एक पंचनामा आणि वरिष्ठांची मंजुरी लागते. मागच्या व्हरांड्यात बंद पडलेलं एक शीतकपाट आहे. एकवीस वर्षं झाली. पाच अधीक्षक आले आणि गेले, त्याला कुणी हात लावू शकलेलं नाही."

बाईंनी यावर विचार केला. न्यायालयीन दृष्टीनं त्यांना त्यात त्रुटी आढळली नाही.

"ही कुठे चिकटवायची?" त्यांनी विचारलं.

"दर्शनी भागावर, असं परिपत्रकात आहे," हेडक्लार्क म्हणाला, आणि घाईघाईनं भर घातली, "खुर्चीच्या."

बाईंनी पट्टी खुर्चीच्या पाठीवर चिकटवली, बुडबुडा राहू नये म्हणून अंगठ्यानं नीट दाबली, आणि बसून पुढचा नंबर पुकारला. एक नवरा-बायको पुढे आले. चिठ्ठी बायकोच्या नावाची होती, पण बसला नवरा. "हिला काय होतं ते मी सांगतो," त्यानं सुरुवात केली.

"तुम्हाला खोकला होईल तेव्हा तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. "उठा, त्यांना बसू द्या."

तो उठला. बायको खुर्चीच्या काठावर टेकली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"बोला," बाई म्हणाल्या. "अगदी सावकाश. मला कुणी इथून हलवणार नाहीये."

तिनं पदराचं टोक सोडलं, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि म्हणाली, "म्हणजे झालं असं, की गेल्या वर्षी आम्ही घर बदललं ना, तेव्हापासून..." आणि बाईंची दहाही बोटं चालू लागली.